गाडीतळावरचं दूध

माझ्या मुलीला आणि मला जो ताप आला तो कच्च्या दुधातून आणि जनावरांच्या हाताळणीतून आला. हे आधीच सांगून टाकते. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी इथेच थांबून घरातलं दूध चुलीवर ठेवावं. पुढचं मी त्यांच्यासाठी लिहिते आहे ज्यांच्या घरात कुणी महिनोन् महिने आजारी आहे आणि आजाराला अजून नाव मिळालेलं नाही.

मी आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव आहे. परळी तालुक्यात, धर्मापुरीच्या अलीकडे आमचं गाव. सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट बघायची, हे माझं काम. अंदाजाने बोलायची मला सवय नाही. तीन पॉइंट चारला मी साडेतीन म्हणत नाही, आणि यावरून बायकांची बोलणी मी पुष्कळ खाल्ली आहेत. म्हणून या लिहिण्यातही जे मला नक्की ठाऊक नाही ते ठाऊक नाही असंच लिहीन. आमच्या आजारात अशा गोष्टी बऱ्याच होत्या.

सारिका माझी थोरली मुलगी. बीडला कॉलेजात शिकते आणि फुटबॉल खेळते. आजार आला तेव्हा ती देशाच्या संघात नुकती कुठे उभी राहत होती.

गाडीतळ

आमच्या भागात एक सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्या फाटकाच्या आत उसाच्या बैलगाड्या उभ्या राहायला मोठी सपाट जागा आहे, तिला गाडीतळ म्हणतात. पाऊस झालेल्या वर्षी हंगामात तिथे गाड्या, बैल, पाचट आणि तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, यांची दाटी असते. पाऊस नसला की ऊस नाही, ऊस नसला की गाळप नाही, आणि गाडीतळ रिकामा. सारिका शाळेत असताना असा एक रिकामा हंगाम आला. तिच्या शाळेचे क्रीडाशिक्षक शेख सर परळीचे. तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेले. त्यांनी कारखान्यात खेटे घालून मुलींसाठी तो गाडीतळ मागून घेतला, आणि मोडक्या गाड्यांच्या दांड्या रोवून दोन गोल उभे केले.

गावाने सरांना वेड्यात काढलं. माझे दीर म्हणाले, पाणी भरायच्या वयाच्या पोरी हा माणूस चेंडूमागं पळवतोय. त्यात खोटं काही नव्हतं. सारिका टँकरच्या रांगेत घागर ठेवून जायची आणि नंबर येईपर्यंत खेळून परत यायची. घागरीवर लक्ष ठेवायला तिने शेजारणीच्या मुलीला पटवलं होतं; बदल्यात तिला चेंडू मारायला द्यायचा.

म्हणजे माझ्या मुलीला खेळ दुष्काळाने दिला. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच.

पुढचं थोडक्यात सांगते. ती मैदानाच्या डाव्या बगलेला खेळते. उजव्या पायाच्या मुली पुष्कळ असतात, डाव्या पायाच्या कमी, म्हणून तिची निवड लवकर झाली असं ती स्वतः म्हणते. शेख सर म्हणतात, तसं नाही, पोरगी शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखी पळते. कॉलेजने तिला खेळावर प्रवेश दिला. मग विद्यापीठाचा संघ, मग राज्याचा, मग देशाच्या मुलींच्या कनिष्ठ संघातून एकदा परदेशात. तिथे ती राखीव होती. एका सामन्याच्या शेवटी थोडा वेळ तिला आत घेतलं. त्या वेळेत चेंडू तिच्या पायाला तीनदा लागला, असं तिने फोनवर सांगितलं. मी विचारलं होतं.

पेला

त्यानंतरच्या वर्षी पुन्हा दुष्काळ पडला, आधीच्यापेक्षा वाईट. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून धूर येईना, कारण वीज करायलाही पाणी लागतं. कारखाना बंदच होता. या वेळी गाडीतळावर जनावरांची चारा छावणी उघडली. चार-पाच गावांची जनावरं एका जागी दावणीला. आम्हीही आमच्या गाई तिथे नेऊन बांधल्या आणि बरोबर राहायला गेलो. दिवसभर छावणीत आणि वेळेला संस्थेत, अशी माझी ये-जा होती.

सारिका उन्हाळ्याच्या सुट्टीत आली. देशाच्या मोठ्या संघाच्या शिबिरासाठी तिला बोलावणं आलं होतं, पावसाळ्यात जायचं होतं. गाडीतळाच्या एका बाजूला जनावरं आणि उरलेल्या पट्ट्यात ती एकटी पळायची. चेंडू दावणीत गेला की गुराखी परत मारायचे आणि कुणाचा लांब जातो यावर आपसात भांडायचे.

आमच्या शेजारच्या दावणीला विठ्ठलतात्या होते. आमच्या नात्यातले नाहीत, पण मला सुनेसारखं वागवतात. पंचक्रोशीतल्या तालमींना त्यांनी आयुष्यभर दूध पोचवलं. एका सकाळी सारिका घामाघूम होऊन बसली होती, तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि माझ्यावर डाफरले. "सुमन, पैलवान गावचा असला तर त्याचा खुराक गाव बघतं. ही काय कमी हाय का? देशाकडून खेळणारी पोरगी चहावर ठिवली?"

त्या दिवसापासून छावणीने पाळी लावली. रोज एका दावणीने सारिकाला एक पेला द्यायचा. धार काढता काढता, फेसासकट, कोमट. उकळलं की दुधातला जीव जातो, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. तालमीत कधी कुणी उकळलेलं दूध प्यायलं नाही. दुष्काळात गाईंची दुधं आटली होती, घरच्या लेकरांच्या चहाला पुरेना. त्यातला एक पेला काढून देणं म्हणजे काय, हे रोज दूध मोजणाऱ्या मला कळत होतं. पेला देताना बायका तिला म्हणायच्या, आमच्या गाईचा गोल वेगळा मोज गं.

त्याच दिवसांत छावणीत काही गाई गाभडल्या, दिवस भरायच्या आत वासरं पडली. तात्यांची एक, माझी एक, आणखीही काही. सगळ्यांनी म्हटलं, उन्हाने झालं, चाऱ्याने झालं. तात्यांच्या गाईचा जार, म्हणजे वार, पडेना, तेव्हा तात्यांनी आणि मी तो हाताने काढला. हात राखेने घासून धुतले आणि मी भाकरी करायला बसले.

घाम

शिबिरात गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तिचे फोन बदलले. आधी ती खेळाचं सांगायची, आता झोपेचं सांगायला लागली. पाय जड झालेत, उठवत नाही, अंथरूण घामाने भिजतं. मी म्हटलं, दमली असशील. तीही तेच म्हणाली. संघातली जागा अशी असते की ताप आला म्हटलं तर दुसरी मुलगी तयारच असते. तिने ताप कुणाला सांगितला नाही.

त्या संघातून तिला एक सामना सुरुवातीपासून खेळायला मिळाला, परदेशात. मध्यंतराला तिला बाहेर बसवलं. शेवटच्या मिनिटाला पहिल्यासारखी पळणारी माझी मुलगी त्या दिवशी अर्ध्यावर चालत होती, हे नंतर सरांनी मला सामन्याचं चित्रण दाखवलं तेव्हा दिसलं.

ती परत आली तेव्हा हे तिला आणायला परळीच्या स्टेशनवर गेले होते. हे म्हणजे माझे यजमान. दुधाचा टेम्पो चालवतात, बोलतात कमी. घरी येऊन एवढंच म्हणाले की फलाटावरून टेम्पोपर्यंत येता येता ती दोनदा खाली बसली.

मग दवाखाने सुरू झाले. एकाने विषमज्वर सांगितला. सलाईन लावलं, ताप उतरला, आम्ही पेढे वाटले नाहीत पण मनात वाटले. पंधरवड्याने ताप परत आला. दुसऱ्याने मलेरियाचं औषध दिलं. तिसऱ्याने पोरीला टेन्शन आहे म्हटलं. हा ताप असा होता की हळूहळू चढायचा, काही दिवस राहायचा, मग असा उतरायचा की आपण उगाच घाबरलो असं वाटावं. ताप नसतानाच्या दिवसांनी आम्हाला जास्त फसवलं. डॉक्टरांकडे जायचं ठरवावं आणि त्या दिवशी ती उठून कपडे धुवायला बसलेली असायची.

पण कंबर मात्र दुखायची थांबली नाही. डाव्या बाजूला, मागे, कुल्ह्याच्या जरा वर. ती चालताना तिथे हात ठेवायची. पुढे तर बसलेली असली तरी हात तिथेच असायचा.

घरात या काळात काय झालं तेही लिहिते, कारण ते औषधाच्या चिठ्ठीत नसतं. एका डॉक्टरने क्षयाची शंका काढली. ती शंका दवाखान्यातून आमच्या आधी गावात पोचली. तपासणीत तसं काही निघालं नाही, पण तो निकाल ऐकायला कुणी थांबलं नाही. दीर आले आणि आता खेळ बंद करा, बरी झाली की उजवून टाका, नाहीतर कुणी विचारणार नाही, असं सांगून गेले. माझा राग दिरांवर नव्हता, ते नेहमी तसंच बोलतात. यांनी त्यांना मान डोलावली, त्याचा मला राग आला. आमचं त्यावरून जे सुरू झालं ते बरेच दिवस चाललं. यांचं एकच वाक्य होतं: "पोरगी जगली तरी लई झालं." मी म्हणायचे, ती नुसती जगायला एवढी पळाली नाही. एकाच घरात आम्ही दोघं सारिकाच्या डोक्यावरून बोलायचो आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

मलाही त्या काळात संध्याकाळी कणकण यायची. सांधे धरायचे. संस्थेत कॅन उचलवत नसे. मी म्हटलं, चाळिशी उलटली, पाळी जायची वेळ आली, बायकांचं असंच असतं. घरात एक माणूस आजारी असलं की दुसऱ्याने आजारी पडायचं नसतं, असा आपल्याकडे नियम आहे. तो कुणी केला माहीत नाही.

नाव

शेख सरांच्या ओळखीतून आम्ही लातूरला एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई सारिकापेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि घर, शेत, जनावरं याबद्दल विचारायला सुरुवात केली. मला वाटलं वेळ घालवतात.

दूध कसलं पितेस, असं त्यांनी सारिकाला विचारलं. उत्तर मी दिलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमच्याकडे पिशवीचं दूध येत नाही; उन्हाळाभर तिला धारोष्ण दूध पाजलंय, सगळ्या छावणीने पाजलंय.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या जनावरांत कुठलं गाभडलं होतं का?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला ताप येतो का. मी नाही म्हटलं.

"आईला येतो," सारिका म्हणाली. "रोज संध्याकाळी येतो. ती सांगत न्हाई."

मी तिच्याकडे बघितलं. ती इतके महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती असं मी समजत होते.

दोघींचं रक्त घेतलं. निकाल यायला काही दिवस गेले. आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. गाई-म्हशींना गाभडवणारा रोग, तो माणसाला कच्च्या दुधातून होतो आणि गाभडलेल्या जनावराचं बाळंतपण उघड्या हाताने केलं तरी होतो. दोघींनाही होता. बाईंनी सांगितलं, बरा होतो, पण वेळ घेतो. औषध मध्येच सोडायचं नाही. सारिकाच्या कंबरेच्या सांध्यात तो शिरला होता, त्यामुळे तिला जास्त महिने लागतील.

ती कधी खेळू शकेल, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, आधी चालू दे. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. आजवरच्या सगळ्या डॉक्टरांत ठाऊक नाही म्हणणाऱ्या त्या पहिल्या. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथे.

दवाखान्याबाहेर येऊन मी रडले. नाव मिळालं की माणूस मोकळा होतो असं ऐकलं होतं. मला मात्र फक्त ते पेले दिसत होते. ओळीने, फेसासकट.

दोन खाटा

इंजेक्शनांसाठी आम्हाला दाखल करून घेतलं. शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. दवाखान्यातला दिवस संस्थेतल्या दिवसासारखाच असतो, वेळेवर येणारा आणि तोच तो. सकाळी ताप मोजायचा, गोळ्या, इंजेक्शन, डॉक्टरांची फेरी, जेवण, मग लांबच लांब दुपार. गोळ्यांनी लघवीला केशरी रंग यायचा. पहिल्या दिवशी सारिकाने घाबरून मला उठवलं. नर्सने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी इथे सांगते: घाबरू नका, तो औषधाचा रंग. पोटात मळमळतं, जेवणावर वासना राहत नाही. सारिकाला उन्हात जायचं नाही असं सांगितलं होतं, एका गोळीने कातडी उन्हाला जळते. जिचं आयुष्य गाडीतळावरच्या उन्हात गेलं तिला सावली लिहून दिली.

एक वयस्क नर्स होत्या, त्यांनी आमची नावं कधी घेतली नाहीत. सारिकाला 'फुटबॉल' म्हणायच्या आणि मला 'डेअरी'. "फुटबॉल, दंड पुढं कर. डेअरी, तुझा नंबर नंतर." इंजेक्शन दुखायचं, पण त्यांच्या तोंडून आपलं असं काहीतरी नाव ऐकलं की आपण केवळ खाटेचा क्रमांक नाही असं वाटायचं. आजारपणात एवढंही पुष्कळ असतं.

दुपारी आम्ही मायलेकी बोलायचो. इतकं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो, कारण दोघींनाही एका जागी बसायची सवय नव्हती. एकदा तिने विचारलं, "आई, परत पळता न्हाई आलं तर मी काय करायचं?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ती हसली. म्हणाली, तूपण डॉक्टर झालीस.

तात्यांची किटली

विठ्ठलतात्या आम्हाला भेटायला आले. एसटीने, दोन गाड्या बदलून. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली स्टीलची किटली काढून स्टुलावर ठेवली. सकाळची धार. पोरगी वाळली म्हणून घेऊन आले होते.

आम्ही गावात अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी बोलायचं टाळत होते ते याच क्षणाच्या भीतीने. पण किटली समोर होती. मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, जेवढं मला कळलं होतं तेवढंच, कमी नाही आणि जास्त नाही.

तात्यांनी किटली आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाले, "मंग मी इख पाजलं का पोरीला?"

"तात्या, पाळी सगळ्यांची होती."

"पण माझी गाय गाभडली व्हती. आन पेल्याची टूम माझी."

"माझीपण गाय गाभडली होती. माझ्या गाईचं दूध तर ती पाळी नसतानाही प्यायली. कुणाच्या गाईचं बाधलं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मलाही येत नाही. तुम्हाला कसं येईल?"

तात्या उठले, किटली उचलली, परत कापडात गुंडाळायला लागले. गाठ बसेना. सारिका उशीला टेकून बघत होती. तिची कंबर त्या दिवशी फार दुखत होती, सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती.

"तात्या," ती म्हणाली, "न्या परत. पण पुढच्या येळेला उकळून आणा."

तात्या खाली बसले आणि तोंडावर उपरणं घेतलं. बाजूच्या खाटेवरच्या बाईने मला विचारलं, आजोबा हसतात का रडतात. मला ओळखता आलं नाही.

घरोघर

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, हे छावणीतल्या प्रत्येक घराला सांगावं लागेल. हे नको म्हणाले. लोकांनी तोंडचा घास काढून दिला, त्यांना तोंडावर सांगायचं की तुमच्या दुधाने पोरगी पडली? शिवाय संस्थेचं नाव खराब होईल. मी म्हटलं, संस्थेचं दूध पुढे डेअरीत तापवलंच जातं, त्याला काही होत नाही. घोटभर कच्चं पिणाऱ्या घरच्या लेकरांना धोका आहे, आणि हाताने जार काढणाऱ्या बायकांना.

शेवटी हे तयार झाले आणि आम्ही दोघं घरोघर गेलो. माझ्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून यांनी टेम्पोने नेलं. मी ओट्यावर बसायचे आणि सांगायचे. काही घरांनी ऐकलं. एका घराने चहा दिला नाही. एक बाई म्हणाली, आमच्या सात पिढ्या धारोष्ण पितात, तुझ्याच पोरीला नखरे. पण तिच्या सुनेने दाराआडून विचारलं की तिच्या नवऱ्याला ताप येतो, कुठे दाखवायचं. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं येऊन जनावरांचं रक्त घेऊन गेली. काही जनावरं बाधित निघाली. त्यांत माझी एक होती. आणखी कुणाची होती ते मी लिहिणार नाही.

विठ्ठलतात्या दुसऱ्याच आठवड्यात आले. किटली घेऊन. म्हणाले, तीन वेळा उकळलंय, साय निम्मी करपली. सारिकाला साय बघवत नाही. ती डोळे मिटून प्यायली.

पहिला गिअर

बरं होणं हे आजारापेक्षा कंटाळवाणं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजारात निदान वाईट वाटायला कारण असतं. इथे रोज तेच: गोळी, कंबरेचे व्यायाम, घराभोवती फेरी. माझा ताप लवकर गेला, दमणूक गेली नाही. अजूनही पुरती गेलेली नाही. संस्थेत आता मी कॅन उचलत नाही, फक्त फॅट बघते.

सारिका आधी ओट्यापर्यंत, मग देवळापर्यंत, मग रस्त्याच्या फाट्यापर्यंत चालायला लागली. एका सकाळी मी बघितलं तर ती धर्मापुरीच्या रस्त्याला हळूहळू पळत होती आणि तिच्यामागे आमचा दुधाचा टेम्पो पहिल्या गिअरमध्ये चालला होता. हे तिला काही म्हणाले नव्हते, तीही काही म्हणाली नव्हती. ती थांबली की टेम्पो थांबायचा. तिला वाटलं तर ती चढून बसायची, नाहीतर पुन्हा निघायची. पुढे हे रोजचं झालं. खेळ बंद करायचं वाक्य आमच्या घरात नंतर कुणी काढलं नाही. यांनी ते परत घेतलं असंही नाही. त्यांनी फक्त गिअर बदलला.

एव्हाना पाऊस झाला होता, ऊस उभा राहिला, कारखान्याचा बॉयलर पेटला आणि गाडीतळ गाड्यांनी भरला. सगळ्यांना आनंद झाला, आम्हालाही. सारिकाला चेंडू खेळायला जागा उरली नाही, पण ही तक्रार कुठे करणार? शेख सरांनी तिला परळीला बोलावून घेतलं आणि तिथे ती मुलांच्या संघाबरोबर सराव करायला लागली.

मग शिबिराच्या निवडीसाठी पुन्हा बोलावणं आलं. आम्ही कुणी मागितलं नव्हतं. सरांनी कुठे काय लिहिलं होतं का, मला ठाऊक नाही.

ती एकटीच गेली. त्या दिवसांत मी काय केलं हे लिहीत नाही. ती परत आली तेव्हा स्टेशनवर मीही गेले. ती गाडीतून उतरली आणि मी आधी तिचा हात बघितला. हातात पिशवी होती. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. कंबरेवर काही नव्हतं.

"न्हाई झालं," ती म्हणाली. पळायच्या चाचणीत ती मागे पडली होती. यांनी पिशवी घेतली. फलाटावरून टेम्पोपर्यंत ती न बसता आली. वाटेत मला विचारायचं होतं ते विचारवत नव्हतं. तिलाच कळलं.

"कंबरेनं न्हाई थांबवलं, आई. दमानं थांबवलं." जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "दम वाढतो की."

मी खिडकीबाहेर बघत बसले. इतके महिने ती आजारामुळे हरत होती. या वेळी ती चार मुलींसारखी हरली होती, कमी पळाली म्हणून. हा फरक दुसऱ्या कुणाला सांगायला गेले असते तर त्याने माझ्या डोक्याला हात लावून ताप बघितला असता. यांना सांगावं लागलं नाही. यांनी टेम्पो थोडा जोरात काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभी होते. ती बूट घेऊन दारात बसली.

"किती वेळा उकळलं?"

"दोनदा."

"तात्यांना सांगू नको," ती म्हणाली. साय बोटाने बाजूला काढली, अर्धा पेला प्यायली, अर्धा माझ्याकडे सरकवला. मग बुटाची नाडी बांधून रस्त्याला लागली. मी उरलेला प्यायले. बाहेर टेम्पो सुरू झाला.